मैराळकाका आणि पांढरी मेज

रंग मागायला आलेल्या माणसाला मैराळकाका जिनगर आधी बसा म्हणत नसत, पाणीही विचारत नसत. "कशाला पायजे?" एवढंच विचारत, आणि उत्तर पटल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नसत. सोनपेठेत या प्रश्नाची इतकी सवय झाली होती की बाजारच्या दिवशी कुणी विडीसाठी काडी मागितली तरी समोरचा मान तिरपी करून, पंजे लोंबते सोडून "कशाला पायजे?" म्हणायचा आणि चारचौघं हसायची. मीही हसलो आहे. पुढे त्याच प्रश्नाला मी एकदा खोटं उत्तर दिलं आणि माझ्या पोरीच्या जिवावर बेतलं. काकांविषयी लिहायचं तर ते टाळून लिहिता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

उंची बेताची, अंगात बिनबाह्यांची बंडी, डोक्याला रंगाचे डाग पडलेला पटका. पण पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर जायची ती हातांवर. कोपरापर्यंत हात धडधाकट आणि पुढे दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबलेले. बोटं मिटत, वस्तू धरत, पण पंजा वर उचलला जात नसे. काम करताना ते दातांनी चिंधी ओढून उजव्या पंजाभोवती आवळत, तिच्यात कुंचला खोवत आणि खांद्यापासून सगळा हात फिरवत. तरी रेघ अशी यायची की आमच्या मदरशातले, म्हणजे सरकारी शाळेतले, धड हातांचे मास्तर फूटपट्टी घेऊनही तशी ओढू शकले नसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची रांग त्यांच्या अंगणातून वेशीपर्यंत लागे.

तरुणपणी ते हैदराबादेत नवाबांच्या बग्ग्या रंगवायला होते. तिथून परतले तेच असे हात घेऊन. कुणी म्हणे हातांवरून वारं गेलं, कुणी म्हणे देवाचा कोप झाला. काका कशावरच काही बोलत नसत. काम संपलं की अंगणातच बंडी काढून खुंटीला टांगायची, राखेने तीनदा हात धुवायचे, काडीने नखं कोरायची, चूळ भरायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दुसरं माणूस नव्हतं. "हे सोवळं कुणासाठी हो, काका?" असं मी एकदा थट्टेने विचारलं होतं. "सवय हाय, मास्तर," म्हणाले आणि चौथ्यांदा हात धुतले.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. ते लेकरांना जवळ येऊ देत नसत. रंग बघायला मुलं जमणारच, पण काका लांबूनच ओरडून पिटाळत. कुणाचं पोर त्यांनी कडेवर घेतलेलं गावाने पाहिलं नव्हतं.

एकदा देशमुखांच्या घरून पाळणा रंगवायला आला. हिरवागार करा, असा निरोप होता. काकांनी प्रश्न विचारला, 'पाळण्याला' हे उत्तर ऐकलं आणि डबा मागे सारला. कारभारी चांगलाच तापला. चार दिवसांनी काकांनी पाळणा पोचवला तो हळद आणि काव घातलेल्या लाखेने रंगवून, पिवळा-तांबडा.

"हिरवा सांगितलेला समजला न्हाई का?" कारभाऱ्याने दरडावलं.

"समजला की. लेकरू पाळण्याला तोंड लावतं. हिरव्याची लय हौस आसंल तर तुमच्या दिंडी दरवाज्याला लावून देतो. फुकट."

आणि खरोखर लावून दिला. तो हिरवा दरवाजा पुढे कित्येक वर्षं गावाच्या करमणुकीचा विषय होता. आम्हाला वाटलं, लेकराचं तोंड रंगेल, कपड्यांना डाग पडतील, एवढाच त्यांचा बाऊ. म्हाताऱ्याचं खूळ म्हणून आम्ही ते सोडून दिलं. शिकलेला माणूस म्हणून निदान मी तरी पुढे एक प्रश्न विचारायला हवा होता.

आता माझ्या घरचं सांगतो. मी तहतानिया, म्हणजे प्राथमिक, मदरशात मास्तर होतो. आमची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोने, गोदाने, ती जगावी म्हणून जे जे करतात ते सगळं केलं. नाव धोंडी ठेवलं, म्हणजे कुणाला हेवा वाटू नये. पाच घरचे कपडे मागून त्यांच्या चिंध्यांचं अंगडं शिवलं. आणि नेम धरला की पाचवं वर्ष पुरं होईपर्यंत पोरीच्या अंगावर आणि तिच्या खोलीत नवं काही येऊ द्यायचं नाही. जे येईल ते दुसऱ्याने वापरलेलं, मागून आणलेलं. माझा यावर विश्वास होता का, असं कुणी विचारलं तर मी चिडत असे. दोन मुलं पुरलेल्या बापाला असले प्रश्न विचारू नयेत.

धोंडीला आम्ही स्वयंपाकघराशेजारची उजेडाची खोली दिली होती. तिचे कपडे ठेवायला काही नव्हतं. अशात गावच्या अमीनसाहेबांची, म्हणजे फौजदारांची, बदली झाली आणि त्यांच्या सामानाचा हर्रास निघाला. त्यात एक सिंगारमेज होती. वरचा आरसा कधीचाच फुटून गेलेला, खाली तीन मोठे खण, सागवानी अंग. जुनं पॉलिश काळं पडून पापुद्रे सुटलेले आणि एका खणाचा तळ उंदरांनी खाल्लेला. बोली लावायला फारसं कुणी पुढे आलं नाही. पण अमीनसाहेबांची सातही मुलं धडधाकट होती आणि गोदाला तेवढंच पुरेसं होतं.

"सात लेकरांच्या घरातली मेज हाय," ती म्हणाली. "आणाच."

मेज माझ्या ऐपतीत आली. खणाला मी एका खोक्याची फळी ठोकली. राहिला वरचा रंग. लढाईचे दिवस होते, पॉलिशचा चपडा महाग आणि स्पिरिट तर मिळतच नव्हतं. तसंही गोदाने बजावलं होतं, "नवी करू नका. पाच घरचा उरलेला रंग मागून आणा अन् तेवढाच लावा."

मास्तरने वाटी घेऊन रंगाची भीक मागत फिरायचं, याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. तरी चार घरी गेलो. डब्यांच्या बुडाशी साचलेलं काय काय मिळालं, सगळं मिळून अर्धी वाटी. पाचवं घर मैराळकाकांचं. त्यांच्याकडे सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, अर्धा डबा उरलेला मी पाहिला होता.

"कशाला पायजे?"

पोरीच्या मेजेला म्हटलं असतं तर डबा मिळाला नसता. देशमुखांचा पाळणा मला आठवत होता. शिवाय भीक मागतोय हे त्यांच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना.

"मदरशाच्या दाराला," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले असते. मला नाही विचारले. "न्या," म्हणाले. "दार बाहीरचं हाय, सफेदा चांगला टिकतो. काम झाल्यावर हात तेवढे धुवा, मास्तर."

पाच घरचा रंग एका भांड्यात कालवून मी एका रविवारी मेज रंगवली. पांढरीशुभ्र काही झाली नाही, दुधात जराशी राख पडावी तशी झाली. धोंडीला मात्र ती फार आवडली. तिचं तिसरं सरत आलं होतं. उभी राहिली की मेजेची कड नेमकी तिच्या तोंडाशी यायची. दोन्ही हातांनी वरची फळी धरून ती तासन्‌तास तिथे रमायची आणि कड चावत राहायची. कडेवर तिच्या दातांची बारीक नक्षी उमटली, कोपऱ्यावरचा रंग तर पार निघाला. आम्ही दोघं कौतुकाने बघायचो. "मानवली मेज पोरीला," गोदा म्हणायची.

तीन-चार महिन्यांनी धोंडीचं पोट दुखायला लागलं.

आधी अधूनमधून, मग रोज. पोटाशी गुडघे घेऊन ती कळवळायची. खाणं तुटलं, शौचाला होईना, तोंड मेणासारखं पिवळं पडलं. हसरी पोर हात लावला तरी किंचाळायला लागली. जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली, अंगारा झाला. शेवटी बैलगाडीने गंगाखेड गाठलं आणि तिथून आगगाडीने परभणी. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, माती खाते का विचारलं. मी नाही म्हणालो, ते खरंच होतं. आठ दिवस आम्ही तिथे ओळखीच्यांच्या घरी राहिलो. तेवढ्यात पोरीला उतार पडला, चार घास खाऊ लागली. आम्ही आनंदाने परतलो आणि पंधरा दिवसांत दुखणं दुपटीने उलटलं.

"घरातच काहीतरी हाय," गोदा म्हणाली. तिचा तर्क बरोबर होता. पण त्यावर तिने केलं काय, तर धोंडीचं अंथरुण उचलून मेजेला लागून टाकलं. सात लेकरांच्या घरातली वस्तू, तिच्या आसऱ्याला पोर राहील म्हणून. आणि ते अंथरुण ओढायला मी हात लावला.

पोरगी आता हातची जाते, असं मला मनातून वाटू लागलं होतं. मी ते गोदाला बोलून दाखवत नव्हतो आणि तीही मला दाखवत नव्हती. मी मदरशात जायचो, मुलांना पाढे म्हणायला लावायचो आणि घराकडून कुणी बोलवायला तर येत नाही ना, म्हणून रस्त्याकडे बघत बसायचो.

अशाच एका बाजारच्या दिवशी रस्त्यावर मैराळकाका दिसले. ते मदरशाच्या दारापाशी थांबले, दाराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत आले.

"मास्तर, दार तर तसंच हाय की. माझा सफेदा कुठं गेला?"

मी उखडलो. दुसऱ्या कुठल्या वेळी शरमलो असतो, पण त्या दिवशी अंगात दम नव्हता. "कुठे जायचाय? पोरीच्या मेजेला लावला," मी म्हणालो. "तुमच्या डब्याचे पैसे हवेत तर घेऊन जा. माझी पोर तिकडे मरायला टेकलीय."

काका मुलांच्या बाकावर बसले.

"काय व्हायलंय पोरीला?"

"पोट दुखतंय."

"गुडघे पोटाशी घेती?"

"हो."

"मेजेला तोंड लावती?"

माझ्या डोळ्यांपुढे ती दातांची नक्षी उभी राहिली. काका उठले आणि चालायला लागले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण मला त्यांच्यामागे पळावं लागलं. मुलं वर्गात तशीच टाकून मी निघालो.

घरात ते पायताण न काढता शिरले. उंबऱ्याबाहेर तीनदा हात धुणारा माणूस धूळभरल्या पायांनी थेट पोरीच्या खोलीत गेला. गोदा दचकून उभी राहिली. काकांनी खाली बसून धोंडीला मांडीवर ओढलं आणि लुळ्या पंजाच्या दोन बोटांनी तिचा वरचा ओठ उचलला. मीही वाकून पाहिलं. दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर काळी रेघ होती, शाईच्या लेखणीने ओढावी तितकी बारीक.

"हिला आधी इथनं उचला," काका म्हणाले. "पडवीत न्या. ही मेज आत्ताच्या आत्ता बाहीर काढा."

गोदा मेजेला पाठ लावून उभी राहिली. "मेजेला हात लावू नका, काका. तिच्यावरच माझं लेकरू तगलंय. सात लेकरं वाढली हिच्यावर."

"मेज चांगलीच हाय, लेकी. रंग वंगाळ हाय. सफेदा म्हंजी शिसं. गोड लागतो, म्हून लेकरं चाटतात. पोटात गेला की आसं व्हतं. आता नुसतं पोट दुखायलंय. पुढं झटके येतात."

"तुमाला काय ठाव?"

काकांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. पंजे खाली लोंबत होते. "हे त्याच्यानंच झालं. हैदराबादेत धा वर्षं सफेदा घोटला. हाताचं काय न्हाई. माझी लेक हुती, हिच्याच एवढी. घरी गेलो की माझ्या अंगावर चढायची, कुंचल्याची दांडी चोखायची. मला काय ठाव? म्या हसायचो. झटके आले तवा एका बड्या डाक्टरानं ओठ उचलून रेघ दावली. पर तवर झालं हुतं सगळं." ते थांबले. "तवापास्नं म्या कुणाचं लेकरू उचललं न्हाई. आज हिला उचललं. आता तरी ऐक."

गोदाची नजर माझ्याकडे वळली आणि परत काकांवर गेली. "यांना रंग तुमीच दिला ना? मग देताना कामून न्हाई सांगितलं?"

काका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. मग मीच सांगितलं. काकांनी विचारलं होतं आणि मी मदरशाच्या दाराची थाप मारली होती, हे बायकोपुढे बोललो. गोदाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती मेजेपासून बाजूला झाली आणि पोरीला उचलून पडवीत गेली.

काकांच्या सांगण्यावरून मी त्याच दिवशी गंगाखेडची वाट धरली. परभणीच्या डॉक्टरांना 'रंगाने झालेलं पोटदुखणं' एवढे शब्द सांगितल्याबरोबर ते खुर्चीतून उठले. पोट साफ करायचं औषध दिलं, दूध भरपूर पाजा म्हणाले आणि रंगापासून पोर लांब राहिली तर आशा आहे, असंही म्हणाले. जास्त काही त्यांनी कबूल केलं नाही.

मी परतलो तेव्हा मेज मागच्या परसात होती आणि काका तोंडाला फडकं बांधून कामाला लागले होते. चुना आणि पापडखार कालवून त्यांनी रंगावर थापला होता आणि वर ओली पोती टाकली होती. कोरडं खरवडायचं नाही, धूळ उडते, ती सफेद्याहून वाईट, असं ते म्हणाले. फुटक्या काचेचा तुकडा चिंधीने पंजाला बांधून ते ओला रंग पापुद्र्यापापुद्र्याने काढत. खाली अंथरलेल्या पोत्यावर पडलेला कण न्‌ कण गोळा करून विहिरीपासून लांब, गुरांच्या वाटेबाहेर खड्ड्यात पुरत. मला त्यांनी पाणी ओढण्याशिवाय कशाला हात लावू दिला नाही. पडवीतून धोंडीचं कण्हणं ऐकू येई आणि काचेचा आवाज थांबे. कण्हणं थांबलं की तो पुन्हा सुरू होई.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीचे डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. गोदाने हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे. काका परसातून आले, पण उंबऱ्यावर थबकले. अंगावर सगळा रंगाचा राडा होता. तिथूनच ते सांगत राहिले, "कुशीवर घ्या. तोंडात काय घालू नका. मोकळं सोडा." तेवढ्यात अंग सैल पडलं. पोरीचा श्वास चालू होता. काका उंबऱ्याबाहेरच बसून राहिले, हात दोन्ही बाजूंना पडलेले. ते रडत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

तो झटका पुन्हा आला नाही. चौथ्या दिवशी धोंडीने मागून दूध प्यायलं.

सागवान उघडं पडल्यावर काकांनी मेज आठ-दहा पाण्यांनी धुतली, वाळवली आणि नाक लावून वास घेतला. आता वरून काय लावायचं? त्यांनी करडईचं तेल मागितलं. ते घरोघरी होतं, आमच्याही घरी होतं. गावाबाहेर ओढ्याच्या वाळवंटात तीन दगडांवर कढई ठेवून दिवसभर त्यांनी तेल आटवलं. असं आटवलेलं तेल म्हणजे रोगन. मोटेच्या कातड्याला लावतात ते. घराजवळ आटवायचं नाही, कारण भडका उडतो. तो उडालाच. काकांनी कोपराने झाकण कढईवर लोटलं आणि पंजाला बांधलेली चिंधी पेटली ती वाळूत दाबून विझवली. बाभळीच्या पानावर थेंब टाकून तो ओघळत नाही असं दिसलं तेव्हाच त्यांनी विस्तव ओढला.

चिंधीने रोगनचा पातळ हात द्यायचा, उन्हात ठेवायचं, पुन्हा हात द्यायचा. सागवानाच्या रेषा मधाच्या रंगाने वर आल्या. तेव्हा गोदाने तोंड उघडलं. "काका, ही तर नवी दिसायलीय. पाचवं पुरं व्हायचंय अजून."

काकांनी तिला जवळ बोलावून मेजेची पुढची कड दाखवली. सगळी मेज त्यांनी तासून गुळगुळीत केली होती, पण तेवढ्या वितीचा रंग नुसत्या ओल्या चिंधीने पुसून काढला होता, काच लावली नव्हती. धोंडीच्या दातांच्या खुणा लाकडात तशाच होत्या.

"नवी कुठं झाली? तुझ्या लेकीनं वापरलेली हाय ही."

गोदाने खुणांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

मेज खोलीत गेली तरी धोंडीला आत सोडायला काका तयार नव्हते. आठ दिवस ते रोज सकाळी येत, खाली बसत आणि त्या कडेवरून स्वतःची जीभ फिरवून घरी जात. आमच्या गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत. नवव्या दिवशी म्हणाले, "मला काय झालं न्हाई. सोडा पोरीला." मी त्यांना मजुरी विचारली तेव्हा मात्र ते चिडले. "माझी चूक हाय, मास्तर. तुमी खोटं बोलणार न्हाईत आसं धरून चाललो. दार बघायला मी तवाच यायला पायजे हुतं." त्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नाला आणखी दोन शब्द जोडले गेले. "कशाला पायजे? चला, बघू." आणि डबा काखोटीला मारून ते मागणाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन बघत. गाव त्यालाही हसलं. मी मात्र परत कधी हसलो नाही.

धोंडी सावरायला वर्ष गेलं. पाचवं पुरं झालं तेव्हा तिला नवं परकर-पोलकं आलं आणि यमुना हे नाव मिळालं. काका तिला धोंडीच म्हणत. वाटेत कुठेही भेटली की त्यांचं एकच. नाव नाही, कशी आहेस नाही, दोन बोटं स्वतःच्या ओठाकडे नेऊन "दाव," म्हणायचे. ती ओठ वर उचलायची. काका वाकून बघायचे आणि "जा," म्हणायचे. रेघ कधीच पुसून गेली होती. दर पोळ्याला मेजेला रोगनचा हात द्यायला ते यायचे, तेव्हाही आधी ओठ आणि मग मेज. पोरगी मोठी झाली तशी तिला चारचौघांत असं दात दाखवायची लाज वाटू लागली. ती पळून जायला बघायची आणि मी तिला रागावून परत आणायचो.

सत्तेचाळीसचं साल सरता सरता गावातलं वारं बदललं. माणसं जपून बोलायला लागली, लुटालुटीच्या धास्तीने बरीच घरं कुलपं लावून पाहुण्यांकडे निघून गेली. काकांचे हात तोवर खांद्यापासूनही थकले होते. राणीसावरगावचा त्यांचा भाऊ त्यांना न्यायला गाडी घेऊन आला. सामान म्हणजे एक ट्रंक आणि कढई. डबे सगळे त्यांनी आधीच पुरून टाकले होते. आम्ही तिघंही दारात उभे होतो. गोदाने त्यांच्या पाया पडून भाकरी बांधून दिली. धोंडी नऊ-दहा वर्षांची झाली होती, खांबाआड उभी होती. गाडीशी माणसं जमली होती, आणि ती लाजते हे पाहून काका तिला काहीच म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "येतो, मास्तर," आणि गाडीत मागे तोंड करून बसले.

गाडी देशमुखांच्या हिरव्या दरवाज्यापाशी वळणावर आली. काकांनी डाव्या हाताने उजवा हात कोपरापाशी धरून वर उचलला. पंजा खालीच लोंबत होता. तो हात त्यांनी ओठाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

धोंडी खांबाआडून निघाली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि सगळ्या लोकांदेखत तिने दोन्ही हातांनी ओठ वर उचलला. एवढ्या लांबून त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. पण त्यांनी नीट पाहिलं, हात खाली घेतला आणि पुढे तोंड करून बसले.